पाच शर्टांची सहल

"एका दिवसाच्या सहलीला सूटकेस कशाला?" डिकी उघडता उघडता ड्रायव्हरने विचारलं.

"लागते," गिऱ्हाईक म्हणालं.

गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, एकटं. कपडे अंगात घातलेले नसून हाडांवर वाळत टाकलेले वाटत होते. हनुवटीवर दाढी करताना कापलेल्या जागी कापसाचा बोळा. डोंगरावरची तिन्ही गावं एका दिवसात बघायची, गाडी खासगी, सोबत कोणी नको, असं फोनवरच ठरलं होतं.

एकटा माणूस डोंगरात निघाला की ड्रायव्हर सावध व्हायचा. दोन वर्षांपूर्वी असंच एक गिऱ्हाईक सूर्यास्त बघायला कठड्याशी गेलं आणि सूर्याबरोबर खाली गेलं. तेव्हापासून तो एकट्या माणसाशी अखंड बोलत राही. त्यामुळे किती जणांना जगावंसं वाटलं कोण जाणे. उतरावंसं बहुतेकांना वाटे.

"साहेब काय करायचे?"

"छापखान्यात मुद्रितं तपासायचो. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या."

"आमच्याकडे ते खातं बायकोकडे आहे."

गिऱ्हाईक हसलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणालं, "त्या पाटीत शेवटचा शब्द राहिलाय."

कठड्यावरून वाकून पाहू, एवढंच पाटीवर उरलं होतं. पुढचं 'नये' कधीच धुऊन गेलं होतं. ड्रायव्हरला ते आमंत्रण मुळीच आवडलं नाही.

पहिल्या गावात चहा घेताना त्याने आपला रामबाण उपाय बाहेर काढला, मोबाइलमधला मुलगा. "जहाजावर आहे, तिथल्या स्वयंपाकघरात. फोन काही लागत नाही, समुद्रात रेंज कुठली? पण दर एक तारखेला फोटो येतो म्हणजे येतोच. हिचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. एका फोटोवर अख्खा महिना काढते. आपल्या गाडीने एवढं ॲव्हरेज कधी दिलं नाही."

फोटोत निळ्या शर्टातला तरुण अंगठा वर करून हसत होता. अंगठ्याला पट्टी, तिचं एक टोक सुटून वर आलेलं.

"कांदे चिरायचे म्हणजे लागणारच. पट्टी तरी नीट चिकटवावी गधड्याने. मागचे पण बघा, एकूण नऊ आहेत."

गिऱ्हाईकाने चष्मा पुसला. एकेक फोटो बघितला. मग पुन्हा पहिल्यापासून बघितले. त्याच्या चहावर साय धरली. कंटाळला बिचारा, असं ड्रायव्हरला वाटलं.

"गोड आहे मुलगा," गिऱ्हाईक म्हणालं आणि फोन दोन्ही हातांनी परत दिला. "वहिनी वाट बघत असतील एक तारखेची."

"अहो, डोळे लावून बसते. आजच आहे एक तारीख."

दुसऱ्या गावात तळ्याकाठी सूटकेस उघडली. आत पाच शर्ट, एक स्वेटर, एक रेनकोट. गिऱ्हाईकाने गाडीआड जाऊन शर्ट बदलला आणि स्वतःचा फोन ड्रायव्हरच्या हातात दिला. "एक काढा. मागे तळं येऊ दे." मग बाजारात दुसरा शर्ट. बागेत रणरणत्या उन्हात तिसरा, वर स्वेटर. कोरड्या धबधब्यापाशी चौथा, वर रेनकोट, आणि त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडून घेतलं. येणारेजाणारे बघत राहिले.

"स्थळंबिळं बघताय की काय, साहेब?"

"या वयात स्थळ कुठलं, मुक्काम बघायचा."

ड्रायव्हरने स्क्रीन जवळ धरली. "तो कापूस काढा आधी. कपडे कितीही बदला, हनुवटी तीच. एकाच दिवशीचे फोटो आहेत हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

गिऱ्हाईक त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलं. "नजर चांगली आहे तुमची," कापूस काढत ते म्हणालं. "आमच्याकडे एक नियम होता. आपलं मुद्रित आपण तपासायचं नाही. डोळा हवं तेच वाचतो."

फोटो पुन्हा काढले.

तिसऱ्या गावात पाचवा शर्ट झाला, तो कठड्याशी. फोटो झाल्यावर ड्रायव्हर गिऱ्हाईकाच्या आणि दरीच्या मध्ये उभा राहिला.

"घाबरू नका," गिऱ्हाईक म्हणालं. "उडी मारायची गरज नाही. डॉक्टरांनी दोन महिने दिलेत."

ड्रायव्हर दरीसमोरून बाजूला झाला.

"मुलगी परदेशात असते. अकरा वर्षांनी दिवस गेलेत. अंथरुणातून उठायचं नाही, असं सांगितलंय तिला. मी गेल्याचं कळलं तर पहिल्या विमानाने येईल. अजून सात महिने काढायचेत. दोन मी काढतो. उरले पाच."

"म्हणून पाच शर्ट."

"मी गेलो की शेजारी हा फोन तुम्हाला आणून देईल. महिन्याला एक फोटो पाठवायचा. तिने फोन केला तर उचलायचा नाही. डोंगरात आहे, रेंज नाही, एवढं लिहायचं."

"शेजारीच पाठवेल की."

"तो तिला लहानपणापासून ओळखतो. ओळखीच्या माणसाला रडू फुटतं. अनोळखीच बरा."

"पण साहेब, हे पाप नाही का?"

"तुम्ही सांगा." गिऱ्हाईकाचा आवाज एकदम खाली आला. "फोटो बघून घरातलं माणूस जेवतं, झोपतं. ते खोटं असतं का?"

ड्रायव्हरने बायको डोळ्यांसमोर आणली. "नाही साहेब. जेवण खरंच असतं. पाठवीन मी. एक तारखेला पाठवीन, लक्षात राहते."

दिवेलागणीला त्याने गिऱ्हाईकाला घरी सोडलं. सूटकेस दारात ठेवून निघणार, तेवढ्यात गिऱ्हाईकाने त्याचा हात धरला. "आज वहिनींबरोबर जेवा," एवढंच म्हणालं.

गाडीत बसतोय तोच फोन वाजला. आज एक तारीख. दहावा फोटो, हिरवा शर्ट, अंगठा वर. नेहमीप्रमाणे तो बायकोला पुढे पाठवायला गेला आणि त्याचं बोट थांबलं. त्याने मागचा फोटो उघडला. मग त्याच्या मागचा. निळा, चौकडीचा, पांढरा, पार पहिल्यापर्यंत.

दहा शर्ट. दहाही अंगठ्यांवर पट्टीचं तेच टोक, तितकंच सुटून वर आलेलं.

बऱ्याच वेळाने त्याने फोटो बायकोला पाठवला. लगेच तिचा फोन आला. पूर्ण वाजून बंद होईपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने लिहिलं, डोंगरात आहे, रेंज नाही.