व्हय म्हाराजा

पूर्वीने कॉलेजसाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाईच्या चित्राची नक्कल केली. स्कॉटलंडमधल्या जुन्या गेलिक वीरगाथेवरचं चित्र होतं ते. ढगांतून हात पुढे करणारे मेलेले वीर आणि खाली खडकावर एकच जिवंत माणूस. चेहरे मात्र तिने घरचे काढले. ढगांत समुद्रात बुडालेले आजोबा नि काका, खडकावर बाबा.

मिरकरवाड्याहून बाबांची होडी सुटली, तशी आईने चित्रापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा पूर्वजांनो, आमचा धनी तुमच्या हवाली केलाय. त्याचा हात सोडू नका."

"व्हय म्हाराजा!" पूर्वी हसत म्हणाली, आणि चित्राखाली लिहायला मूळ चित्राचं नाव फोनवर शोधू लागली.

नाव सापडलं.



'शेवटच्या सोबत्याला न्यायला आलेले मृतात्मे.'