गाडीवाला आधी

जयानं पुन्हा तोंड फिरवलं.

उत्कर्षा मॅडमच्या हातातला केकचा तुकडा हवेतच राहिला. वाढदिवस त्यांचा. खराडीच्या कंपनीतून ऑफिसातली माणसं घेऊन आल्या होत्या मिशनच्या बालगृहात, होमच्या पोरांसोबत साजरा करायला. बिर्याणी, केक, चमचमत्या टोप्या, कशाला कमी नाही. पोरांनी हात जोडून रोजची प्रार्थना म्हटली, "प्रभू, आम्हाला दिलंस तसं ज्याच्या ताटात नाही त्यालाही दे, आमेन." मग हॅपी बर्थडे म्हटलं. सगळं झ्याक चाललं होतं. आणि ही सात वर्षांची चिमुरडी ओठ घट्ट मिटून बसलेली. पुढ्यातल्या बिर्याणीलाही हात लावलेला नाही.

"राहू दे, नसेल आवडत," मॅडम म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण चेहरा उतरला तो उतरलाच.

होम सांभाळणाऱ्या शैलाताईंनी सुशीलाबाईंना दाराआड बोलावलं. सुशीलाबाई म्हणजे होमची मावशी. स्वयंपाक तिचा, पोरांच्या वेण्या, उवा, ताप, भांडणं, सगळं तिच्याकडे.

"दर शनिवारी हेच, सुशीलाबाई. माणसं एवढ्या प्रेमानं येतात आणि ही अशी वागते. आजही जेवली नाही तर मी हिला नगरच्या होमला पाठवणार. तिथं पाहुणेच येत नाहीत."

जयाची आई इथं पुण्यातच होती, टीबीच्या दवाखान्यात. रविवारी चर्च सुटलं की सुशीलाबाई पोरीला तिकडं न्यायची. आत सोडत नसत. आई खिडकीत यायची, पोरगी खालून हात हलवायची. नगरला गेली की तेवढंही गेलं.

"जेवेल ती. माझ्यावर सोडा, ताई."

सोडा म्हणाली खरी, पण करायचं काय? सुशीलाबाईनं नाना तऱ्हेची पोरं पाहिली होती. उशीखाली चपात्या लपवणारी, हात धरल्याशिवाय घास न गिळणारी. ही त्यातली नव्हती. एरवी आमटीत भाकरी कुस्करून चाटूनपुसून खायची, वर चटणी मागायची. पाहुणे आले की मात्र संप.

तिनं जयाला ताटासकट स्वयंपाकघरात आणलं.

"काय गं महाराणी? तुला काय छापील आमंत्रण पाठवायचं?"

जयानं ताट लांब सरकवलं.

"तिखट आहे?"

मान हलली. नाही.

"मग त्या बाईनं काय तुझं घोडं मारलं?"

"त्या चांगल्या आहेत."

"मग गिळ की बाई!"

जया खिडकीतून बाहेर बघत होती. हळूच म्हणाली, "आधी त्यांना."

"कुणाला?"

तिनं बोट दाखवलं. गेटापाशी पांढरी सुमो उभी होती, कंपनीच्या लोकांना घेऊन आलेली. ड्रायव्हर टेकून उभा होता. त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, रिकामी निघाली, पुन्हा झाकण लावून ठेवून दिली. दर शनिवारी गेटाशी गाडी असायची. सुशीलाबाईनं गाडी बघितली होती. माणूस काही बघितला नव्हता.

"अगं, तो ड्रायव्हर आहे."

"हो ना! मग गाडीवाला आधी." सुशीलाबाईला एवढंही कळू नये, याचं जयाला नवल वाटलं. "स्वारगेटला आमच्या झुणका-भाकरीच्या गाड्यावर तसंच असतं. गिऱ्हाईक थांबतं. ड्रायव्हर-कंडक्टर आधी. त्यांची गाडी सुटते. ते जेवल्याशिवाय आई मलापण वाढत नाही."

"मग मेले, सांगायचं नाही का?"

"सांगत होते पहिल्यांदाच. ताई म्हणाल्या, पाहुण्यांसमोर मध्ये बोलू नये."

सुशीलाबाईनं दुसरं ताट घेतलं आणि शीग लावून बिर्याणी वाढली. ती उचलणार, तोच जयानं ते दोन्ही हातांनी धरलं. जीभ दातात पकडून, एकेक पाऊल जपून टाकत पोरगी अंगणात उतरली.

"ही कुठं निघाली ताट घेऊन?" शैलाताई दारात आल्या.

"ताई," सुशीलाबाई म्हणाली, "आता तुम्ही मध्ये बोलू नका."

ड्रायव्हर गडबडला. विदर्भातला गडी. "मले? नाही बाप्पा, पाहुण्यायचं हाय ते."

"बसा," जया म्हणाली. "गार होईल."

बसला बिचारा पायरीवर. पहिले चारपाच घास त्यानं मान वर न करता खाल्ले. पहाटेपासून माणसं आणायची आणि सोडायची, एवढंच चाललं होतं त्याचं. जया पुढ्यात उभी राहून त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवत होती. मधेच पळत गेली आणि कांदा चिरून घेऊन आली, मावशीकडून.

तेवढ्यात उत्कर्षा मॅडम बाहेर आल्या. त्यांनी पायरीवरच्या ताटाकडे बघितलं. मग हातातल्या केकचा तुकडा त्यांनी आधी ड्रायव्हरच्या ताटात ठेवला. "सॉरी हो, दादा. लक्षातच आलं नाही." आणि जयाकडे वळल्या.

जयानं आ केला. चांगला मोठा.

शैलाताई दारातूनच म्हणाल्या, "नगरचं राहू द्या, सुशीलाबाई." आणि आत गेल्या.

मावशीनं जयाचं ताट आणून दिलं. पोरगी ड्रायव्हरशेजारी पायरीवर बसून भराभरा जेवायला लागली. तो हसला. "वाढते तर मस्त! हाटेल हाय काय वं तुह्यं?"

"आईचा गाडा आहे. स्वारगेटला."

सुशीलाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "होता म्हण, बाळा. आई आजारी पडली, बंद झाला ना आता तो."

जयानं आपल्या ताटातला कांदा उचलून ड्रायव्हरच्या ताटात टाकला.

"आई आजारी आहे," ती म्हणाली. "गाडा चालू आहे."