उजवा हात रिकामा

आमची नात हर्षाली फॅशन शिकते. म्युझियममधल्या जुन्या चित्रातली कोळीण बघून तिनं कपडे शिवले आणि सीवूड्सच्या एका पबात शो ठेवला. मलाही पहिल्या रांगेत बसवलं. पोरी ठुमकत आल्या, डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि उजवा हात रिकामा.

माइकवाली म्हणाली, "काय युनिक स्टाईल आहे."

मला राहवेना. "स्टाईल कसली गो? आमी दिवाळे गावच्या कोळणी. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतो, नवऱ्याला सांभाळ म्हणून."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माइकवाली माझ्याजवळ वाकली. "मग आजी, तुमचा डावा हातही का रिकामा?"

 

"दर्यानं बांगड्याही ठेवून घेतल्या, पोरी, आणि माझा माणूसही."