यंत्राची शहानिशा

"एकशे अठरा," डॉ. रुचिरा म्हणाल्या आणि सुलक्षणाबाईंच्या दंडावरचा पट्टा न काढताच त्यांनी समोरची वही पुन्हा चाळली. वहीत विद्याधरांच्या रेखीव अक्षरात एकवीस संध्याकाळींच्या नोंदी होत्या. एकशे अठ्ठावन्न, एकशे चौसष्ट, एकशे साठ. बायकोच्या रक्तदाबालाही शिस्त लावता येते, हा विश्वास त्या अक्षरातच दिसत होता.

"काकू, दवाखान्यात आल्यावर बहुतेकांचं बीपी वाढतं. तुमचं घरी वाढतंय. मान ठणकते म्हणालात ना? आत्ता ठणकतेय?"

सुलक्षणाबाईंनी मानेमागचा ठणका शोधला. नवघर रोडवर रिक्षातून उतरताना होता. आता नव्हता.

"नाही हो. इथे बसलं की थांबतो." बोलता बोलताच ते त्यांच्याही लक्षात आलं.

"मग घरचं मशीन बिघडलं असेल. आणलंय का?"

मशीन बाहेर विद्याधरांच्या मांडीवर होतं. ते आत आले आणि उभ्यानेच त्यांनी आपला पट्टा बायकोच्या दुसऱ्या दंडाला आवळला.

"हात सैल सोड. सैल म्हणजे सैल! एवढं साधं जमत नाही का गं तुला?" मग डॉक्टरांकडे वळून, मऊ आवाजात, "रोजचं आहे हे, मॅडम."

एकशे बासष्ट.

डॉ. रुचिरांनी आपल्या पट्ट्यात पुन्हा हवा भरली. एकशे चौसष्ट.

पाच मिनिटांत खोलीत एकच गोष्ट बदलली होती, आणि ती उभी होती. सुलक्षणाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनीही त्यांच्याकडे पाहिलं. अशा क्षणी उच्चारायचं वाक्य वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण ते कुणालातरी उच्चारावं लागतं. डॉक्टरांनी पेन उचललं.

"मशीन अगदी बरोबर आहे, काका. गोळी सुरू करू. रोज सकाळी एक."

"म्हटलं होतं ना मी?" नळी गुंडाळत विद्याधर बायकोला म्हणाले. "मशीनमध्ये काही दोष नाही."

बाहेर ते चपला घालत असताना सुलक्षणाबाई काउंटरपाशी थांबल्या. मानेमागे ठणका परतला होता.

"महिन्याने या, काकू," काउंटरवरची बाई म्हणाली.

"त्याच्या आधीची तारीख नाही का मिळणार?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी एकटीच येईन. तपासायचं नाही काही. नुसती बसेन."