गजराआधीचा हात

“आवाज कुठाय ह्याच्यात?” कोंडाजीबुवांनी विचारलं.

देवळाच्या ओट्यावर हर्षलाने लॅपटॉप उघडला होता. पडद्यावर कालच्या कीर्तनातले बुवा हात उंचावून उभे होते. तोंड हलत होतं, शब्द मात्र नव्हता.

“आवाज नको मला. तुमचे ओठ आणि हात हवेत.”

बुवांच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या साली कुणीतरी त्यांच्या कीर्तनाचा तुकडा उचलून धडावर गाढवाचं मुंडकं बसवलं होतं. कशेळ्याच्या बाजारात मोबाइल दाखवून माणसं फिदीफिदी हसली, दोन गावांनी ठरलेली तारीख परत घेतली. तेव्हाच बुवांनी ठरवलं होतं, पुन्हा असं हसं झालं तर कीर्तनाला उभं राहायचं नाही. आपल्यापायी देवाचं नाव हसण्यावारी जायला नको.

आणि आता ही. हर्षला म्हणजे मृदंग वाजवणाऱ्या सदूची भाची. शेलूच्या नव्या इमारतींत राहायची, कॉलेजात कॉम्प्युटरवर चित्रं चालवायला शिकायची. परीक्षेसाठी तिला छोटीशी फिल्म करायची होती, आणि ती सप्ताहात अख्ख्या गावाला दाखवायची असं सदूने परस्पर ठरवून टाकलं होतं.

“माझंच कीर्तन कशाला गं? मोठमोठे महाराज येतात की कर्जतला.”

“लहानपणी मामाकडे यायचे, तेव्हा तुमचं ऐकलं होतं. त्यानंतर दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.”

बोलणं सपाट, एका पट्टीतलं, पाठ केल्यासारखं. बुवांना ती स्तुती जरा जास्तच गोड वाटली.

त्या दिवसापासून त्यांनी तिच्यावर डोळा ठेवला. कीर्तनात ती पुढ्यात बसे, पण तिची नजर बुवांच्या तोंडावरून हलत नसे. बुवांनी विनोद केला की मंडप खदखदा हसे. ही आधी शेजारणीकडे बघे, मग हसे. टाळ टिपेला पोचले, बायका डोलू लागल्या, तरी ही दगडासारखी. एकदा तर चालू भजनात सदूच्या मृदंगावर सरळ तळहात ठेवून बसली.

“अगं, घुमायला ओली कणीक लावलीय त्याला! हात काढ!” बुवा मागून ओरडले. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे रस्त्यावरही त्यांनी दोनदा हाक मारली, ती तशीच निघून गेली. शिकलेल्या पोरींची मिजास, बुवा मनात म्हणाले.

एका दुपारी तिने लॅपटॉपवर बाहुला दाखवला. ना केस ना कपडे, करड्या अंगात नुसत्या हाडांच्या रेघा.

“आधी हाडं, मग चाल, मग कपडे,” ती म्हणाली.

बाहुल्याने पावली धरली. डावा पाय उचलताना तो किंचित अडखळला. बुवांचा हात नकळत स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यावर गेला.

“परत दाखव.”

तिने परत दाखवलं. “पाऊल टेकलं की अंगाचा भार खाली उतरला पाहिजे, नाहीतर बाहुला तरंगतो. किती वेळा मोडून केलंय हे एक पाऊल!”

क्षणभर बुवा हरखले. माती मळून मूर्ती घडवावी तसं हे काम. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना ते गाढव आठवलं.

“डोकं कुणाचं बसवणार ह्याला?”

“ते पडद्यावरच बघा.”

संध्याकाळी देवळामागे मामा-भाचीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

“मामा, बुवांना आधी कळू देऊ नका हां.”

“नाय सांगत गं. पर मानूस भला हाय.”

“असू दे. कळलं की सगळे वेगळंच वागतात.”

बुवांनी सदूला गाठलं. “सद्या, काय शिजतंय रं?”

“कायबी नाय, बुवा. बघाल तवा बघाल.”

फिल्मच्या दिवशी दिवेलागणीला मंडपात पांढरी चादर ताणली. टाळकरी कीर्तनाच्या तयारीने टाळ घेऊनच बसले होते. दिवे मालवले. चादरीवर बुवा उभे राहिले. फेटा त्यांचा, तुळशीची माळ त्यांची, आणि डोकंही त्यांचंच. बुवांनी सुस्कारा सोडला.

पण चित्रातल्या बुवांच्या तोंडून शब्द फुटेना.

“आवाज वाढव गं!” मोतीबाई ओरडली.

“वायर निघाली का बघा!”

हर्षला लॅपटॉपपाशी गुडघे टेकून बसली होती. हलली नाही. शेजारी सदू, त्याच्या मृदंगावर तिचा हात.

“मुका बुवा!” मागच्या पोरांतला पोपट ओरडला आणि मंडपभर हशा पिकला.

हाच होता तर डाव. बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. ते देवाच्या पायांशी ठेवायचं, घरी जायचं, पुन्हा यायचं नाही. ते उठले.

तेवढ्यात चादरीवरचा हात वर गेला आणि थांबला.

गजराआधी बुवांचा हात असाच थांबायचा. त्यासरशी टाळ गप्प होत, आणि हात खाली आला की अख्खा मंडप नाम उचलून धरी. गावाच्या अंगात ते भिनलेलं होतं. हशा विरला. टाळ वर झाले. पोपटनेही श्वास रोखला.

चित्रातला हात खाली आला.

“विठ्ठल! विठ्ठल!”

मंडप दणाणला. बाहुला पावली खेळत होता, त्याचे ओठ हलत होते, आणि गाव त्या ओठांबरोबर गात होतं. सदूची थाप नेमक्या पावलाला पडत होती. बुवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. उपरणं त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकलं.

दिवे लागले तरी गजर थांबेना. बुवा हर्षलाच्या मागे जाऊन उभे राहिले.

“पोरी, येवढं जीव वतून केलंस, मग आवाज का नाय घातलास गं?”

तिने वळून पाहिलं नाही. सदूने वाजवता वाजवता तिला कोपराने हलवलं. ती वळली, बुवांच्या ओठांकडे बघत राहिली, आणि मृदंगावरचा हात न उचलता तिने विचारलं,

“बुवा, सगळे गायले का हो? मला हाताला नुसता मृदंग कळला.”