ड्रिल नको

"ड्रिल नको म्हटलं ना!" अप्पांनी लेकीच्या हातातलं ड्रिल जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

त्यांच्या काचदुरुस्तीच्या दुकानासमोर रुग्णवाहिका उभी होती. तिच्या पुढच्या काचेचा, नेमका ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, खडी उडून टवका गेला होता. लेक अर्धा तास त्यात काच सांधणारं पातळ रेझिन भरायला बघत होती. पण टवक्याचं तोंड इतकं बारीक, की एक थेंब आत शिरेल तर शपथ! आतले तडे कोरडेच, काळेच्या काळे. आता ड्रिलचं टोक टेकवून तोंड जरासं मोठं करायचं, हा एकच उपाय उरला होता. धोकाही त्यातच होता. ही काच दुहेरी असते, मधे प्लास्टिकचा पातळ पडदा. टोक पडद्याला लागलं की काच गेली कामातून.

ड्रायव्हर अगदी रडकुंडीला आला होता. "काका, काहीतरी करा हो. या जुन्या गाडीची काच आता कुठेच मिळत नाही. आणि दुपारी पेशंट घेऊन डोंगर उतरायचाय."

"आहे तशी ने. सावकाश चालव."

"सावकाश?" लेक उसळली. "अहो अप्पा, पहिल्याच खड्ड्यात तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल!"

एके काळी अप्पांसारखं बेधडक ड्रिल कुणी मारत नसे. बापलेकीची रीतच होती. एकाने ड्रिल धरायचं, दुसऱ्याने शेजारी डोळे मिटून आवाज ऐकायचा. पडदा जवळ आला की आवाज किंचित बदलतो. ऐकणारा 'बस' म्हणतो आणि हात थांबतो. लेक सगळं काम त्या 'बस'च्या भरवशावर शिकली. मग गेल्या वर्षी, अप्पा शेजारी ऐकत असतानाच, तिच्या हातून एक काच फुटली. अप्पांनी तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र फतवा निघाला, ड्रिल बंद! काचेला भोकं पाडणं म्हणे अडाण्याचं काम. तेव्हापासून घरात नुसती धुसफुस. लेकीला ते फार लागलं होतं. ती रात्रंदिवस स्वतःच्या हातालाच दोष देत होती.

"सरळ सांगा ना, माझ्या हातावर तुमचा विश्वास नाही!" तिचा आवाज चिरकला. "आज मला मारू द्या. नाहीतर उद्यापासून मी दुसरीकडे काम बघते."

अप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी ड्रिल तिच्या हातात दिलं, काचेजवळ आले आणि डोळे मिटले.

ड्रिल कसलं, पेनाएवढं यंत्र. डासासारखं गुणगुणायला लागलं. टेकवायचं, उचलायचं. पुन्हा टेकवायचं. ड्रायव्हरने श्वास रोखून धरला होता. लेकीचे हात काचेवर आणि सगळा जीव अप्पांच्या ओठांवर. तेवढ्यात आवाज बदलला. तिला स्वच्छ ऐकू आला. अप्पा गप्प. मुद्दाम? आपण चुकावं म्हणून? टोक अजूनही काचेत होतं. तिने स्वतःच हात वर घेतला आणि बटण बंद केलं.

वाकून पाहिलं. भोक हवं तेवढंच पडलं होतं. पडदा शाबूत. ड्रायव्हरने दोन्ही हात जोडले.

लेक मात्र रागाने लाल झाली होती. आज काय ते तोंडावर विचारायचंच, म्हणून ती गर्रकन वळली. अप्पा अजून तसेच उभे होते. डोळे घट्ट मिटलेले, मान काचेकडे कललेली, कपाळ घामाने डबडबलेलं.

"घाबरू नकोस गं," ते हळूच म्हणाले. "मी ऐकतोय. कर सुरू."