तळं दिसलं!

पेट्रोल पंप मागे पडला आणि गाडीतली बडबड एकदम थांबली.

मेकॅनिकने आरशातून मागे पाहिलं. शिंपी, त्याची नर्स बायको, मास्तर आणि मास्तरीणबाई. चौघंही मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलांसारखी गप्प बसली होती. दर वर्षी याच पंपापाशी मेकॅनिकची बायको मागे वळून सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटायची. यंदा ती नव्हती. गोळ्या आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

तिच्या जागी शिंप्याची सात वर्षांची नात बसली होती. सगळे तिला ठिणगी म्हणत. ती पहिल्यांदाच तळ्यावर येत होती आणि पोहायचा चष्मा घरातूनच लावून निघाली होती. आता तो पायाशी पडला होता आणि ती वाकून चाचपडत होती.

“सापडला!” ती वर आली. पट्टा ताणून तिने काचेला नाक लावलं. “आजोबा, ज्याला तळं आधी दिसेल त्याला मुक्कामाला खिडकीजवळची खाट ना? ती मीच घेणार. आजी म्हणते यंदा खेळ नाही. असं कसं?”

“ठिणगे, गप बस जरा,” मागून नर्स म्हणाली.

यंदा खेळ नको, असं मेकॅनिकनेच निघताना सांगितलं होतं. पुढच्या वर्षी दुसरा ड्रायव्हर बघा, असंही सांगितलं होतं. त्याला ते शेवटचं वळण नको होतं.

बावीस उन्हाळे ती खाट त्याच्या बायकोलाच मिळाली होती. चालवणाऱ्याने खेळायचं नाही, असा नियम होता. पण तो लबाडी करायचा. वळणावर समोर पाणी चमकलं की गिअर बदलता बदलता तिला हळूच कोपर मारायचा. लगेच ती ओरडायची, “तळं दिसलं!” मग मागे एकच आरडाओरडा. मास्तर दर वर्षी विचारायचे, “वहिनी, डोळे आहेत की दुर्बीण?” ती मान ताठ करून बसायची आणि तो मनातल्या मनात हसायचा. त्याची सुट्टी तिथून सुरू व्हायची.

वळण आलं.

त्याने शेजारी पाहिलं. ठिणगीच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तोंड उघडं होतं, ओरडायच्या तयारीत. श्वास तिने कधीचाच रोखून धरला होता.

समोर पाणी चमकलं. त्याने गिअर बदलला आणि कोपर मारलं.

“तळं दिसलं! तळं दिसलं!” ठिणगी सीटवर नाचायला लागली. मग दंड चोळत मेकॅनिकला म्हणाली, “आजोबा, पुढच्या वर्षी कोपर जरा हळू मारा हं.”

मेकॅनिकने गाडी कडेला घेतली. त्याचे कान तापले होते.

“मी तिलाही असंच सांगायचो,” तो मागे न बघता म्हणाला. “बावीस वर्षं. खाट तिची नव्हतीच. फसवलं मी तुम्हाला.”

आधी मास्तर हसत सुटले. मग शिंपी. मग मास्तरीणबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायला लागल्या. सगळी गाडी हलत होती.

“भावजी,” नर्सने डोळे पुसले, “तळं पंपापाशीच दिसतं हो. बाजूच्या दोन झाडांच्या मधून. तुमची नजर रस्त्यावर, तुम्हाला कसं दिसणार?”

मेकॅनिक वळला. “म्हणजे तुम्हा सगळ्यांना आधीच...?”

“दर वर्षी. आणि ती तर पुढे बसायची. आमच्याही आधी तिला दिसायचं.”

“मग ओरडायची का नाही?”

“आम्हालाही ओरडू द्यायची नाही. गोळ्या वाटताना तोंडावर बोट ठेवून डोळे वटारायची.” नर्सने पुढे वाकून त्याच्या कोपराला हात लावला. “म्हणायची, तळं काय, कुठूनही दिसतं. मी यांच्या कोपरासाठी थांबते.”